नवी खुर्ची

धाकटी खुर्चीवरून उठली आणि स्क्रीन काळा झाला.

क्षणभरच. पुन्हा उजेड आला तेव्हा पर्यवेक्षकांचा चेहरा गायब होता. त्याच्या जागी लाल चौकट होती : ‘दुसरा मॉनिटर जोडल्याचा संशय. तपासणी रद्द. एक संधी शिल्लक.’

“पुन्हा तेच!” दादा दारातून म्हणाला. “मी सांगतो, मशीनच गेलंय.”

परवान्याची परीक्षा घरूनच द्यायची होती. आधी कॅमेरा हातात घेऊन उठायचं, सगळी खोली दाखवायची, टेबलाखाली कोणी पुस्तक घेऊन बसलेलं नाही हे सिद्ध करायचं, मग प्रश्नपत्रिका. धाकटी उठेपर्यंत सगळं सुरळीत चाले; उठली की स्क्रीन क्षणभर जाई, आणि परत आला की परीक्षेच्या प्रोग्रामला तो दुसराच मॉनिटर वाटे. आज पास झाली, तर औषधांच्या दुकानात ती स्वतःच्या सहीनं औषधं देऊ शकणार होती. नाही तर आणखी वर्षभर काउंटरवर उभं राहून मालकांच्या सहीची वाट बघायची. आणि चार वाजता तपासणी बंद होणार होती.

दादानं दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“मदरबोर्ड असणार,” तिकडून आवाज आला. “आणून टाका, परवा बघतो.”

“परवा!” आई म्हणाली. “परवा काय दिवे लावायचेत?”

धाकटीनं टेबलामागे हात घालून मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना दाबून पाहिली. घट्ट होती. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. बसली, उठली. स्क्रीन गेला, आला. मग मॉनिटरला जुनी वायर लावून पाहिली. बसली, उठली. पुन्हा गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा खाक्या. दोन बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही, हे ती औषधांकडून शिकली होती.

“सारखी उठतेस कशाला?” दादा वैतागला. “बसून राहा ना. बसलेली असताना कधी जातो का तो?”

धाकटीचा हात वायरवरच थांबला.

“दादा, तू बस जरा इथे.”

“मी काय करू बसून?”

“बस. हां. आता ऊठ.”

स्क्रीन गेला.

“मी कशाला हात लावला नाही हं!”

“माहितीये. आई, आता तू.”

आई बसली तशी खुर्ची चरचरली. धाकटीला अभ्यासाला बरी म्हणून दादानं ही नवी खुर्ची आणली होती. आईनं तिच्यावरचं प्लॅस्टिक काढू दिलं नव्हतं. या घरात रिमोटपासून गादीपर्यंत प्रत्येक वस्तू आपापल्या मूळ प्लॅस्टिकमध्येच म्हातारी झाली होती.

आई उठली. स्क्रीन गेला.

“अगंबाई! हा तर मलाही ओळखतो!”

धाकटी धावत स्वयंपाकघरात गेली आणि लाकडी स्टूल घेऊन आली. बसली. उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली, मुद्दाम धसमुसळेपणानं. स्क्रीन ढिम्म. उजळलेलाच.

“स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसं आहे हे,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “प्लॅस्टिकवरून अंग सुटलं की बारीकशी ठिणगी पडते. आपल्याला कळतही नाही. मॉनिटरच्या वायरला कळतं.”

“एवढी भारी खुर्ची!” दादाचा चेहरा उतरला. “कंबरेला आधार आहे तिला.”

“कंबरेला आहे रे. मॉनिटरला नाही.”

“मग प्लॅस्टिक काढून टाकू.”

आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“आत्ता नको,” धाकटी घड्याळाकडे बघत म्हणाली. “स्टूल चालतंय हे डोळ्यांनी बघितलंय. खुर्ची आत न्या.”

या खेपेला पर्यवेक्षकांनी चष्मा वर सारून तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही स्टुलावर बसणार? पूर्ण पेपर?”

“हो सर.”

“बरं. कॅमेरा घेऊन उठा.”

ती उठली. भिंती दाखवल्या, खिडकी दाखवली, वाकून टेबलाखाली दाखवलं. मग हळूच मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. पर्यवेक्षक तिथेच होते, जांभई दाबत.

“ठीक. सुरू करा.”

पेपर संपला तेव्हा तिची पाठ लाकूड झाली होती. तिनं शेवटचं बटण दाबलं. एक गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि थांबलं. हिरवी अक्षरं उमटली.

“दादा! आई! पास झाले!”

दादा धावत आला आणि तिच्या पाठीत एवढा जोरात धपाटा घातला की ती कळवळली. “आता सह्या करून करून हात दुखेल बघ तुझा!”

आई मात्र आली नाही. स्वयंपाकघरातून तिचा आवाज तेवढा आला.

“झालं का गं सगळं? उठू का मी आता?”

दोघं दाराशी गेले. आई नव्या खुर्चीवर ताठ बसली होती, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. ओट्यावर तिचा चहा साय धरून गार पडला होता. बसल्या जागेवरून तिथवर हात पोचत नव्हता.

“तू तेव्हापासून बसूनच आहेस?” धाकटीनं विचारलं. “आई, इथून काही होत नाही गं!”

“तुला काय माहीत? त्या दुरुस्तीवाल्याला तरी कुठे माहीत होतं?”

“ऊठ आई. ऊठ!”

आईनं खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि एकदम उठली. प्लॅस्टिक चर्रकन वाजलं.

तिघांनीही मान वळवून बाहेरच्या खोलीतल्या स्क्रीनकडे पाहिलं. हिरवी अक्षरं जागच्या जागी होती.