कारणाचा रकाना

दिवाळी अंकाची पहिली प्रत घेऊन हेमांगी स्वतः बर्डेबाईंकडे गेली. मुखपृष्ठावर बाईच होत्या, चाळीस वर्षं मुलींना पोहायला शिकवणाऱ्या. ते पान हेमांगीनंच मांडलं होतं, आणि बाईंच्या गालांवरचे कोडाचे डाग मोठ्या मायेनं पुसले होते.

"अगं, किती गोड केलंस मला!" बाई हसल्या. मग हल्ली सगळेच करतात तसा त्यांनी फोटोच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. कागदाला ऊब लागताच मूळ फोटो वर आला. डाग परतले, आणि नव्या कायद्याप्रमाणे खाली अक्षरं उमटली: कोणी बदललं आणि का.

हेमांगीला एकदम आठवलं. कारणाच्या रकान्यात ती रोज शंभर फोटोंना जे लिहायची, तेच इथंही सवयीनं लिहून गेली होती.

बाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "हेमांगी सपकाळ. कचरा काढला."

हेमांगीची मान वर होईना. अंगठा उचलला की कागद पुन्हा नितळ होणार होता. बाईंनी तो उचलला नाही.

"चहा तूच टाक गं," त्या म्हणाल्या. "माझा हात गुंतलाय."