काढ्याची जाहिरात

सासरे वैद्य. त्यांच्या मते डिप्रेशनवर त्यांचा काढा रामबाण, आणि तो खपवायला दवाखान्यात मांडून ठेवलेली मी. "ही आमची सूनबाई. अंथरुणातून उठत नव्हती. काढ्यानं बघा कशी टुणटुणीत झालीये." प्रत्येक पेशंटपुढे हीच टकळी. मग मी हसून दाखवायचं.

आज समोर एक कॉलेजातली मुलगी होती. सासरे म्हणाले, "डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद कर, बाळ. हिनं एकही तोंडात घातली नाही." मुलीनं माझ्याकडे पाहिलं, पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.



मी ती उचलून तिच्या हातात दिली आणि तसलीच दुसरी, अर्धी संपलेली, माझ्या पर्समधून काढून काढ्याच्या बाटलीला टेकवून ठेवली.