पाहुण्याची मागणी

“ईशा, ऊठ! बहुत झालं हे अरबी-बिरबी. चल घरी.” दौलतराव दारातूनच ओरडले.

नात जागची हलली नाही. तिच्या हातात कॉफीचं भांडं होतं. मैत्री मॅडम विद्यापीठात अरबी शिकवतात. नुसती भाषा नाही, तिकडच्या माणसांत उठायचं-बसायचं कसं तेही. त्यासाठीच आज मुलं त्यांच्या सुदामा नगरच्या घरी जमली होती. कुणी पाहुणा झालं होतं, ईशा यजमान.

“लोक विचारतात, नात काय शिकते? तोंड काय दाखवू? उद्यापासून बंद म्हणजे बंद.”

“हिचा बाप मस्कतला नोकरी करतो. तो तिथे काय मराठीत बोलतो?” मैत्रीची आई, कांताबाई, आतून आल्या. “त्याने तिकडून आणलेला एसी चालतो, पोरीच्या तोंडी तिकडची भाषा चालत नाही. वा रे वा! आत या, बसा. दारात तमाशा नको.”

दौलतराव आत आले. एकाच गल्लीत राहून पहिल्यांदाच. ईशाने छोटा कप भरून उजव्या हाताने पुढे केला. त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं. कप घेतला आणि तोंडाला न लावता टेबलावर ठेवून दिला. पार कडेला.

“मॅडम,” पाहुणा झालेला आशिष हळूच म्हणाला, “अंकलना काहीतरी मागायचंय.”

“हो, तिकडे तसंच समजतात,” मैत्री म्हणाली. “पाहुण्याने भरला कप खाली ठेवला, की तो मागायला आलाय. यजमान ‘दिलं’ म्हणतो, मगच पाहुणा पितो.”

“तिकडे समजत असतील,” कांताबाई फणकारल्या. “इकडे आमच्या घरचा कप लोक का ठेवून देतात, ते मला शिकवू नकोस. जन्म गेला बघण्यात.”

“तसं काही नाही हो. मी चहा-कॉफी घेतच नाही.”

“आज सकाळीच माझ्यासमोर चहा घेतलात, आजोबा,” ईशा म्हणाली.

मुलं खाली बघायला लागली. ईशा आजोबांसमोर येऊन बसली.

“बोला. काय मागणी आहे?”

“मागणी कसली! हे शिकणं सोड, एवढंच.”

ईशाने कप उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. आधी अरबीत म्हणाली, मग मराठीत, “दिलं. सोडते. आता कॉफी प्या.”

“ईशा, अगं!” मैत्री पुढे झाली. कांताबाईंनी तिचा दंड धरला.

“थांब. पिऊ दे त्यांना.”

दौलतरावांचा हात गुडघ्यावरून उठला. कपापर्यंत गेला. पुन्हा गुडघ्यावर आला.

“प्या की, दौलतरावजी,” कांताबाई म्हणाल्या. “एका घोटात नात परत मिळतेय.”