सिस्टीममधलं नाव

मंगरूळपीरच्या करिअर मेळाव्यात माझ्या बायकोने, वैजयंतीने, पोरीच्या प्रवेशासाठी एका कॉलेजला स्वतःचा फोन नंबर दिला होता. महिन्याभराने ती गेली. तिचा फोन आता मी सांभाळतो, आणि त्यावर कॉलेजच्या सरांचा रोज फोन येतो.

"वैजयंती मॅडम आहेत का?"

"सर, ती वारली. पाच वेळा सांगितलं तुमाले, आता सहाव्यांदा सांगतो. तिचं नाव काढून टाका नं."

"सॉरी काका, पण ते सिस्टीममध्ये आहे. निघत नाही."

"मंग कोनाले सांगू?"

"तशी काही सोय नाही काका. उद्या पुन्हा फोन आला तर मनावर घेऊ नका."

माझी पोरगी निकिता समोरच त्यांच्या सिस्टीम ॲनालिसिसच्या कोर्सचा फॉर्म घेऊन बसली होती. तिला हेच कॉलेज हवं होतं आणि उद्या शेवटची तारीख होती. म्हणून मी राग गिळून विचारलं, "बरं, हे सिस्टीम ॲनालिसिस म्हंजे पोरीले तुमी नेमकं काय शिकवसान?"

"अगदी सोपं आहे काका. सिस्टीमचा लोकांना कुठे त्रास होतो ते त्यांनाच विचारायचं, आणि दुरुस्त करून द्यायचं."