छिन्नीचा घाव

जोयानं तिसरं नाणं भिंगाखाली धरलं आणि ती गप्प झाली. जोतीरामांना बरं वाटलं. रोमच्या तिबेरियस राजापाशी सगळेच गप्प होतात.

टेबलावर मखमलीच्या कापडात एकेचाळीस नाणी मांडली होती. सगळी रोमन, सगळी चांदीची. होटगी स्टेशनात तिकिटं देता देता जोतीरामांनी ती आयुष्यभर जमवली होती. उद्या ती कॉलेजच्या संग्रहालयात जायची होती. दात्याच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून आली होती, भिंतीला टेकून उभी होती. त्याआधी एकदा नजरेखालून घालावीत म्हणून कॉलेजनं जुनी नाणी पारखणाऱ्या जोयाला पाठवलं होतं.

तिनं विचारलं, ही तीन कुठून घेतली? एक पुण्याहून, एक नागपूरहून, एक हैदराबादहून. जोतीरामांनी सालंही सांगितली.

"काका, तिन्हींत राजाच्या कानाखाली तोच खड्डा आहे."

"तीळ असेल त्याला." गेली वीस वर्षं ते पाहुण्यांना हेच सांगत आले होते, आणि पाहुणे हसत आले होते.

जोया हसली नाही. हा खड्डा आपटून पडलेला आहे, ती म्हणाली. तीन नाणी नेमकी एकाच जागी आपटत नाहीत. एकावरून साचा काढून बाकीची ओतली, तरच असं होतं. तिनं त्यांचं बोट धरून नाण्याच्या कडेवरून फिरवलं. साच्याच्या सांध्याची बारीक रेघ नखाला लागली.

मग ती एकेक नाणं तपासून डावीकडे ठेवत गेली. तासाभरानं मखमल रिकामी झाली. उजवीकडे, खऱ्यांच्या जागी, एकही आलं नव्हतं.

"छिन्नीचा घाव असलेलं एखादं नाही का तुमच्याकडं?"

"तसली मी घेतच नाही. खंडित मूर्ती कुणी घरात ठेवतं का?"

जोयानं भिंग मिटलं. "आपल्याकडं सापडतात त्यातल्या बऱ्याच खऱ्या नाण्यांवर तो घाव असतो, काका. आत तांबं तर नाही ना, हे बघायला लोक राजाच्या तोंडावरच छिन्नी मारायचे."

ती गेल्यावरही जोतीराम तसेच बसून राहिले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मंगळवेढ्याच्या बजाबाई नावाच्या शेतकरणीनं नांगरटीत निघालेली दोन नाणी आणून दिली होती. दोन्हींवर राजाच्या गालावर आडवा घाव. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती सोनाराच्या मुशीत वितळवायला दिली होती.

त्यांची बायको सारजाबाई कप न्यायला आल्या. जोतीराम त्यांच्या पायांकडं बघत होते.

"असं काय बघताय? तुमीच सोनाराकडनं करून आणलेली जोडवी हायत की." त्यांनी कपात कप ठेवला. "एवढी वर्षं झाली, पण झिजली न्हाईत. लई चांगली चांदी होती."

त्या आत गेल्या. फरशीवर जोडवी वाजत होती, ती स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत राहिली.