पापुद्रा

स्नेहलच्या पत्राला महिपतीसरांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. रोज ते पत्र उघडत, वाचत आणि पुन्हा घडी घालून ठेवत. खाली फोन नंबर होता. पण फोनवर सरांना शब्दच सुचत नसत.

"सर, मी पुण्यात संशोधन करते," तिने लिहिलं होतं. "सगळे रेणूंची माळ ओवतात, मला रेणूंची चादर विणायची आहे. एका रेणूइतकीच जाड. तुमच्या जुन्या प्रबंधात तशी चादर झाल्याची नोंद सापडली. तुम्ही लिहिलंय तसंच नऊ वेळा केलं. दर वेळी नुसता चुरा मिळतो. माझं शेवटचं वर्ष आहे. माझं काय चुकतंय?"

काय सांगणार? अडतीस वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत सरांनी एकमेकांत न मिसळणारी दोन द्रावणं एकावर एक ओतली. ती ढवळणारं यंत्र लावलं आणि शिपाई दत्ताला सांगितलं, "नऊला बटण चालू कर, पाचला बंद कर." मग ते पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर दोन द्रावणांच्या मधोमध एक पापुद्रा! तारेच्या कड्यावर तो अलगद उचलता आला. सरांनी लिहून टाकलं : आठ तास ढवळले.

पुढे तोच प्रयोग त्यांनी अकरा वेळा केला, स्वतः समोर उभं राहून. पापुद्रा पुन्हा आला नाही. तेव्हा आपल्याला भास झाला असावा, असं त्यांनी हळूहळू मान्य केलं होतं. आता त्या भासापायी एका मुलीचं संशोधन बुडत होतं.

तळेगावजवळ वराळ्याच्या घरी सर मिक्सरचं बटण दाबत होते. मिक्सर फिरत नव्हता. स्वयंपाकाला येणाऱ्या सरुबाई हसायला लागल्या.

"आबा, बटणाला भोक पाडताय का? गुरुवार न्हाई का आज? लाइट न्हाई तर बटण दाबून काय फिरंल?"

सरांचं बोट तिथेच राहिलं.

"सरुबाई, तुमचं माहेर लोणावळ्याचं ना? तिथे पूर्वी... गुरुवारी..."

"तवा तर दिसभर जायची! गिरणी बंद, समदं बंद. आमी बुधवारीच दळण आणायचो. तुमी बी तितंच हुता की!"

"गुरुवारी नसायचो," सर पुटपुटले. "दर गुरुवारी पुण्याला जायचो. ग्रंथालयात."

चौऱ्याहत्तर वर्षांचे सर स्टुलावर चढले. "पडाल की वो!" सरुबाई ओरडल्या. माळ्यावरून प्रयोगाची जुनी वही निघाली. स्टुलावरच उभं राहून त्यांनी ते पान शोधलं. तारखेपुढे त्यांच्याच अक्षरात वार लिहिलेला होता. गुरुवार.

सर मोठ्याने हसले. सरुबाईंनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

माफीची दोन पानं त्यांनी लिहिली आणि फाडली. मग एक पोस्टकार्ड घेतलं. उघडं कार्ड, कोणीही वाचेल; वाचू दे. चहा तसाच टाकून, घरातल्या चपलांनी ते रिक्षात बसले आणि तळेगावच्या पोस्टाच्या पेटीत त्यांनी कार्ड टाकलं.

"स्नेहल, तुझं काही चुकलं नाही. मी लिहिलेलं 'आठ तास ढवळले' खोटं आहे, त्या दिवशी लाइटच नव्हती. ढवळू नकोस."