किट्टूची तपासणी

"आतून सगळं स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्ननलिका, जठर, कुठेच जखम नाही की सूज नाही."

बापाच्या मस्तकात तिडीक गेली. "मग इतके महिने पोरगं जेवलं की ओकतं, छाती धरून रडतं, ते काय हौस म्हणून?"

"चिडू नका. आतले नमुने तपासायला पाठवलेत..."

"चिडू नको तर काय टाळ्या वाजवू?"

तो बोटीवर इंजिन सांभाळायचा. वर्षातला बराचसा काळ पाण्यावरच जायचा. किट्टूचं दुखणं त्याने फोनवरूनच ऐकलं होतं. आधीच्या डॉक्टरांनी 'शाळा बुडवायची थेरं' म्हणून बोळवण केली, हेही. परवा घरी परतला आणि कधी नव्हे ते आज स्वतः पोराला घेऊन आला. बायकोची सकाळची पाळी होती. बिट्टूला, किट्टूच्या जुळ्या भावाला, शाळेच्या गाडीत बसवून दोघं तडक इथे आले होते.

"घशातून घालायच्या त्या नळीचं नाव काढलं तरी तो थरथर कापतो हो, सांभाळून घ्या," बायको बजावून गेली होती. पण पोरगं सकाळपासून ताठ. नर्सने नाव विचारलं तर खणखणीत सांगितलं. आत जाताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बाप सोबत असला की पोरं अशी उभी राहतात, या विचाराने त्याची छाती फुगली होती.

आता तीच छाती रागाने धपापत होती. खाटेपाशी पोहोचेपर्यंत डॉक्टरांवरचा, बायकोवरचा सगळा राग पोरावर एकवटला.

पोरगं गुंगीतून नुकतंच डोळे उघडत होतं.

"नाटकं करतोस? अख्ख्या घराला नाचवतोस? तिकडे माझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि तुला काही झालेलंच नाही!"

"अहो, हळू!" नर्स मध्ये पडली. "घसा दुखत असेल त्याचा."

"दुखू दे!"

त्याचा हात उगारलेला होता. पोराने जड पापण्या उचलून त्या हाताकडे पाहिलं. जीभ अडखळत होती.

"ओरडू नको ना, बाबा. घरी गेल्यावर किट्टूला सांग, काही कळत नाही, नुसती झोप लागते. म्हणजे उद्या तो येईल."